सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी



सप्टेंबरपासून आपल्या चर्चमधल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "टीचर, सकाळी पण सायकल, संध्याकाळी पण सायकल? एकदा पुरत नाही होय?" काहींनी चेष्टेने विचारलं, काहींनी काळजीने. मिस्सा संपल्यावर दारात उभं राहून दोन वाक्यांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. आज जरा सविस्तर लिहिते. या दोन फेऱ्यांमुळे पवित्र शास्त्रातला एक जुना नियम मला नव्याने कळला, आणि आपल्यातल्याच एका मुलाचं दुःख जवळून पाहायला मिळालं.

आधी कारण सांगते. आपल्या युवक मंडळाने यंदा ठरवलं की संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला सायकलने जुन्या गोव्याला जायचं. आपल्या बेळगाव-खानापूर भागातून भाविक चालत जातात, ते आपण दरवर्षी पाहतोच. ही मुलं म्हणाली, आम्ही सायकलने जाऊ. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, मग साखळी, डिचोली असा रस्ता, शंभर किलोमीटरच्या आसपास. अकरा जणांनी नावं दिली, त्यांत चार मुली. मुलींच्या आयांनी अट घातली की बरोबर कोणीतरी मोठी बाई हवी. फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेहेचाळीस वर्षांची, सहकारी सोसायटीत दिवसभर खुर्चीवर बसून हिशोब लिहिणारी. तरी मी हो म्हटलं.

हो म्हणण्यामागे आणखी एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. आमच्या बाबांना हाच आजार होता. शेवटच्या काळात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ते अकरा महिने जगले, आणि त्या अकरा महिन्यांत ते रोज सकाळी मला विचारायचे, "माझी चप्पल कुठं आहे?" दोन्ही चपला पलंगाखाली होत्या. आई त्या हलवू देत नव्हती. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मला त्या चपला आठवल्या. म्हणून गोव्याची गोष्ट निघाली तेव्हा मला वाटलं, देव मला दोन कामं एकाच सायकलवर देतो आहे.

प्रश्न वेळेचा होता. सकाळी साडेसहाची मिस्सा, मग स्वयंपाक, साडेनऊला सोसायटी, संध्याकाळी साडेपाचला सुट्टी, बुधवारी आणि शुक्रवारी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलांची तयारी. सलग दोन तास कुठेच सापडेनात. म्हणून दोन तासांचे दोन तुकडे केले. पहाटे पाच दहाला निघायचं, कॅम्पातल्या झाडांखालून हिंडलग्याच्या बाजूला जाऊन मिस्सेच्या आधी परत. संध्याकाळी सहाला पुन्हा निघायचं, पिरनवाडीच्या पुढे थोडं जाऊन सातपर्यंत घरी. सोमवारी आणि गुरुवारी अशा दोन फेऱ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी फक्त सकाळची, बुधवारी पूर्ण विश्रांती. शनिवारी दुपारनंतर मुलांबरोबर लांबची फेरी. रविवारी सायकलीला हात लावायचा नाही, तो प्रभूचा दिवस.

शरीर काय करतं

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी सुरुवात केली नाही, आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनीही करू नये. व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या खिशात नेहमी ग्लुकोजची पुडी असते आणि मुलांना ती कुठल्या खिशात आहे हे ठाऊक आहे.

डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट मला फार आवडली. आपण पायडल मारतो तेव्हा पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच उचलायला लागतात, इन्शुलिनची फारशी वाट पाहत नाहीत. आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवल्यावरही पुढे कितीतरी तास, कधी दिवसभर, शरीरातलं इन्शुलिन नेहमीपेक्षा चांगलं काम करतं. म्हणजे फेरी तासाभरात संपते, पण तिचं काम चालूच राहतं.

मग मुलांपैकी एकाने विचारलं, "टीचर, दोनदा चालवली तर दुप्पट फायदा ना?" याचं उत्तर सरळ नाही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्याला ग्लायकोजन म्हणतात. तासभर जोरात सायकल चालवली की त्यातला मोठा भाग खर्च होतो आणि पुन्हा पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो. सकाळी रिकामा केलेला रांजण संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरत नाही. संध्याकाळी आपण अर्ध्या रांजणावर निघतो.

अर्ध्या रांजणाचाही उपयोग असतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या सात तरुणांचा एक पाय रोज एकदा व्यायाम करायचा. दुसरा पाय एक दिवस आड, पण त्या दिवशी दोनदा, मध्ये दोन तासांची विश्रांती ठेवून. दहा आठवड्यांत दोन्ही पायांचं एकूण काम सारखंच होतं. शेवटी दिवसातून दोनदा काम केलेला पाय जास्त वेळ टिकला. त्या पायाची दुसरी पाळी रिकाम्या रांजणावर होत होती, आणि रिकामा रांजण शरीराला नवी सवय लावतो असं त्यांना दिसलं. पण माणसं सातच होती, सगळी निरोगी, आणि लक्षात घ्या, त्या पायाला एक दिवस आड पूर्ण विश्रांती होती. मुलांना प्रयोगातलं "दोनदा" लगेच लक्षात राहतं. "एक दिवस आड" मात्र मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. दोन फेऱ्यांपैकी एकच जोराची, दुसरी हळू. मध्ये निदान सहा तास. सकाळच्या फेरीनंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी हवं. मुलांना केळं, पोहे, अंडी, दूध. जे स्पर्धेची तयारी करतात आणि आठ तासांच्या आत पुन्हा निघतात, त्यांच्यासाठी पहिले चार तास दर तासाला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्त पिष्टमय अन्न असं प्रमाण सांगतात. माझ्यासाठी तो हिशोब नाही. मला डॉक्टरांनी वेगळा दिला आहे, ज्वारीची भाकरी, उसळ, अंडं. रात्री दहाला झोप. झोप नाही तर दुसऱ्या दिवशी फेरी नाही.

दोन कोकरं

हे सगळं चालू असताना एका रात्री मी धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी निर्गमाचं पुस्तक वाचत होते. २९ व्या अध्यायात, ३८ व्या वचनापासून, देव मोशेला रोजच्या होमाचा नियम देतो. रोज एक वर्षाची दोन कोकरं अर्पण करायची. एक सकाळी, दुसरं संध्याकाळी. दोन्हींबरोबर पीठ, तेल आणि द्राक्षारस, आणि संध्याकाळचं माप सकाळच्याच मापाइतकं.

हा अध्याय मी कितीदा तरी शिकवला असेन. पण दिवसातून दोनदा सायकल बाहेर काढायला लागल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला, दोनदा कशाला? सकाळी चांगलं, निर्दोष कोकरू दिलं होतं. देवाला ते पुरलं नाही का?

पुरलं. संध्याकाळचं कोकरू हे सकाळच्या कोकराची भरपाई नाही. सकाळचं अर्पण कमी पडलं म्हणून ते येत नाही, आणि सकाळचं उत्तम झालं म्हणून ते टळतही नाही. सकाळी माणूस ताजा असतो, दिवस अजून कोरा असतो, तेव्हा देव म्हणणं सोपं जातं. संध्याकाळी अंगावर दिवस बसलेला असतो. कोणीतरी बोललेलं असतं, हिशोब चुकलेला असतो, पाय जड झालेले असतात. देवाला सकाळची मी हवी आहे आणि संध्याकाळची दमलेली मीही हवी आहे. त्याच मापाने.

इथे कोणी म्हणेल, टीचर, तुम्ही तर संध्याकाळची फेरी हळू म्हणता, मग माप सारखं कसं? मी यावर विचार केला. वेगाचं माप सारखं ठेवता येत नाही, आणि शरीराकडून तसं मागूही नये. पण लक्षाचं माप सारखं ठेवता येतं. हळू चालवतानाही रस्ता तितकाच बघायचा असतो, ब्रेक तितकाच सांभाळायचा असतो, मागच्या मुलीकडे तितकंच लक्ष द्यायचं असतं.

पवित्र सभेनेही हा ठेका सोडलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रातःकाळची आणि सायंकाळची प्रार्थना यांना दैनंदिन प्रार्थनेच्या दोन बिजागऱ्या मानलं आहे. दार एका बिजागरीवर लटकतं, पण नीट उघडत-मिटत नाही. आपल्यापैकी अनेकांची सकाळ प्रार्थनेची असते, मिस्सा असते. संध्याकाळी मात्र टीव्ही असतो, मोबाईल असतो आणि डोळे मिटत आलेले असताना घाईने काढलेली क्रुसाची खूण. मी हे कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. घरोघरी तेच आहे.

थांबलो की आठवतं

आता त्या मुलाबद्दल. त्याचं आणि त्याच्या आईचं मी विचारून घेतलं आहे. नाव देत नाही, आणि तुम्ही ओळखलंत तरी घ्यायचं नाही अशी विनंती.

तो एकोणीस वर्षांचा. माझ्याच वर्गात शिकून त्याने दृढीकरण घेतलं. यंदाच्या पावसात त्याचे वडील गेले, अचानक, हृदयविकाराने. अंत्यविधीच्या दिवशी तो रडला नाही. त्यानंतर त्याने जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आणि चालवायला लागला. स्पर्धेत उतरायचं म्हणाला. रोज पहाटे दोन तास जोरात, रोज संध्याकाळी दोन तास जोरात. सातही दिवस. रविवारच्या मिस्सेलाही दिसेना. सुरुवातीला लोकांनी कौतुकच केलं. मुलगा व्यसनाला लागला नाही, व्यायामाला लागला, असं म्हणाले.

सप्टेंबरच्या शेवटी त्याची आई माझ्याकडे आली. "टीचर, तुम्ही जरा बोला की त्याच्याशी. रात्री झोपत नाही. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास खातो. काही विचारलं की अंगावर येतो. सहा किलोनं उतरलाय." ज्यांना व्यायामातलं कळतं त्यांना ही लक्षणं ठाऊक असतात. झोप उडणं, भूक मरणं, चिडचिड, सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा जोरात चालणं, आणि एवढे कष्ट करूनही वेग कमी होत जाणं. शरीर कामाने बळकट होत नाही. कामाने ते मोडतं, आणि विश्रांतीत ते मोडलेलं जरा जास्त मजबूत करून बांधतं. बांधायला वेळच दिला नाही तर मोडणं तेवढं शिल्लक राहतं.

पुढच्या शनिवारी आमची जांबोटी रस्त्याची फेरी होती. तो आमच्यात नव्हता, एकटाच पुढे गेला होता. कुसमळीच्या पुलावर तो आम्हाला दिसला. सायकल कठड्याला टेकवलेली, आणि तो खाली मलप्रभेकडे बघत उभा. पावसानंतरची नदी भरून वाहत होती. मला काय वाटलं ते लिहीत नाही. मुलांना म्हटलं, तुम्ही पुढे जाऊन चहाच्या टपरीवर थांबा, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी एवढंच विचारलं, "दमलास का रे?"

तो म्हणाला, "दमलो तर बरं असतं, टीचर. थांबलो की आठवतं."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा गेल्यावर मी स्वतः महिनाभर घरातली भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासत होते. म्हणून मी त्याला उपदेश केला नाही. मी त्याला थेट विचारलं, "पाण्याकडे बघून काही भलतंसलतं मनात येतं का?" असं विचारायला धीर लागतो, पण विचारावं, असं मला वाटतं. तो नाही म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये." मी त्याला सांगितलं की हे तुझ्या आईला आणि फादरांना कळायला हवं, आणि आपण एका डॉक्टरांकडेही जाऊ, मी बरोबर येते. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त मान हलवली.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं गेलो. फादरांनी त्याच्यासाठी रोज अर्धा तास काढला. उपचाराबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगते की दुःखाने झोप उडाली असेल तर प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडेही जावं. यातलं एक केलं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

सायकलीबाबत डॉक्टरांनी त्याला दोन आठवडे जोराचं काही करू नकोस असं सांगितलं. मग मी त्याला म्हटलं, "संध्याकाळी माझ्याबरोबर हळू चालव. मला अंधारात एकटीला बरं वाटत नाही." हे खरंही होतं. ऑक्टोबरात सहानंतर लगेच अंधारून येतं, आणि पुढे-मागे दिवे लावले तरी ट्रक अंगावर आल्यासारखा वाटतो.

हळू चालवणं त्याला जमेना. दर दोन मिनिटांनी तो पन्नास मीटर पुढे जाई. हळू म्हणजे किती हळू, याचं माप व्यायामाच्या पुस्तकांत असं देतात की बोलता आलं पाहिजे. धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येतं तोवर वेग योग्य. मी त्याला म्हटलं, "आपण जपमाळेने मोजू. 'नमो मरिया' मोठ्याने अख्खी म्हणता आली पाहिजे. मध्ये श्वास तुटला तर तू जोरात जातो आहेस." तो पहिल्यांदाच हसला. "टीचर, तुम्ही कुठंही धर्मशिक्षण घुसवता."

पहिले काही दिवस मी एकटीच म्हणत होते, तो नुसता चालवत होता. पाच दशकं म्हणायला साधारण वीस मिनिटं लागतात. पिरनवाडीला जाईपर्यंत जपमाळ होते. ऑक्टोबर हा जपमाळेचाच महिना, त्यामुळे मला काही वेगळं करावं लागत नव्हतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, चौथं दशक संपलं आणि मी पाचवं सुरू करणार तेवढ्यात तो म्हणाला, "हे पप्पांसाठी मी म्हणतो." आणि त्याने म्हटलं. मध्ये दोनदा श्वास तुटला. तेव्हा आम्ही सपाट रस्त्यावर होतो आणि वेग अगदी कमी होता.

एलीयाची झोप

पहिल्या राजांच्या पुस्तकात संदेष्टा एलीया दोन वेळा माझ्या मदतीला आला. १७ व्या अध्यायात तो करीथ ओहोळाजवळ लपलेला असतो आणि कावळे त्याला भाकर व मांस आणून देतात, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. १९ व्या अध्यायात तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. इतका मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी पाहिलेला, आणि त्याला आता पुरे झालं असं वाटतं.

देव तेव्हा काय करतो ते पाहा. रागावत नाही. विश्वास कुठे गेला असंही विचारत नाही. तो त्याला झोपू देतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो, आणि उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढचा प्रवास त्याच्या ताकदीबाहेरचा आहे. त्यानंतरच तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर जातो आणि तिथे त्याला देवाचा मंद, हळुवार आवाज ऐकू येतो.

भाकर, पाणी, झोप. परत भाकर, पाणी, झोप. देवाने आधी शरीर सांभाळलं, बोलला नंतर. संत पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा त्याच्यासमोर खरे खेळाडू असतात. करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात तो धावणाऱ्यांचा आणि मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो आणि सगळ्या गोष्टींत संयम ठेवायला सांगतो. पण त्याच पत्राच्या ६ व्या अध्यायात तो शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतो. दोन्ही वचनं एकत्र वाचावी लागतात. मंदिर झाडावं, धुवावं, पण रागाच्या भरात त्याच्या भिंती कोणी पाडत नाही.

सायकलीच्या नळीत काय आहे

मुलांना मी इटलीच्या जिनो बार्ताली यांची गोष्ट सांगितली. १९३८ आणि १९४८ साली 'टूर द फ्रान्स' जिंकलेले हे सायकलपटू श्रद्धाळू कॅथलिक होते. दुसऱ्या महायुद्धात शर्यती बंद पडल्या, तरी ते रस्त्यावर सरावाला दिसत. फ्लॉरेन्सपासून असिसीपर्यंत ते सायकलवर जात, आणि शिपायांना वाटे की हा प्रसिद्ध खेळाडू सराव करतो आहे. पण सायकलीच्या पोकळ नळ्यांमध्ये छळ होणाऱ्या यहुदी कुटुंबांसाठी बनवलेली ओळखपत्रं गुंडाळून ठेवलेली असत. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून हे काम चाले. युद्धानंतर बार्ताली याबद्दल फारसं बोलले नाहीत. २००० साली त्यांचं निधन झालं, आणि २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

उत्तर इटलीत कोमो सरोवराजवळच्या चढावर मॅडोना देल गिझाल्लो नावाचं एक छोटं चॅपल आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिथल्या पवित्र मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केलं. चॅपलच्या भिंतींवर जुन्या नामांकित खेळाडूंच्या सायकली टांगलेल्या आहेत.

ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या एका मुलीने सुचवलं की आपणही नळीत काहीतरी ठेवू. मग ठरलं असं, की प्रत्येकाने एका छोट्या कागदावर ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं लिहायची, आणि तो कागद सीटच्या दांड्याच्या नळीत ठेवून द्यायचा. कोणी कोणाचा वाचायचा नाही. माझ्या कागदावर पहिलं नाव बाबांचं आहे. सरावाची फेरी तीच आहे, रस्ता तोच आहे, पण आता प्रत्येकजण कोणालातरी बरोबर घेऊन जातो.

पुढे

नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. आम्ही नोव्हेनातल्या शनिवारी पहाटे निघू. फादर चार वाजता आशीर्वाद देतील. मागे एक टेम्पो असेल, ज्याला दम लागेल त्याने निःसंकोच चढावं. चोर्ला घाटाच्या उतारावर कोणीही शर्यत लावणार नाही, हे मी सगळ्यांकडून वदवून घेतलं आहे. कणकुंबीला थांबून नाश्ता करायचा आहे. ज्यांना केळी, उकडलेली अंडी, चपात्या द्यायच्या असतील त्यांनी महिला मंडळाकडे नाव द्यावं.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. हातात घंटी घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणाला बोलवत. आम्हा धर्मशिक्षकांना ते त्यामुळे जवळचे वाटतात. बॉम जेझूला पोचलो की त्यांना एवढंच सांगायचं आहे की मुलं आली आहेत.

माझी साखर पूर्वीपेक्षा उतरली आहे, गेली नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. तो मुलगाही आमच्याबरोबर येतो आहे. आता तो आठवड्यातून दोन दिवसच दोन फेऱ्या करतो, आणि रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसतो. काही रात्री अजूनही झोप लागत नाही, असं त्याची आई सांगते. त्याच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा.

मननासाठी तीन प्रश्न देते. घरी सगळ्यांनी बसून बोलावं.

१. माझ्या दिवसाची संध्याकाळ मी देवाला देते किंवा देतो का, की उरलंसुरलं?
२. माझ्या घरात, शेजारात कोणी थांबायला घाबरून पळतं आहे का? मी त्याच्याबरोबर हळू चालायला तयार आहे का?
३. आज देवाने मला कामाला बोलावलं आहे की विश्रांतीला?

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू पहाटे एकांतात जाऊन प्रार्थना केलीस आणि संध्याकाळी तुझ्या दारात आलेल्या आजाऱ्यांना बरं केलंस. आमची सकाळ तुझी आहे, आमची संध्याकाळही तुझी आहे. ज्यांना दुःखाने झोप येत नाही त्यांच्या उशाशी भाकर आणि पाणी ठेव, आणि ते ठेवायला आमचे हात वापर. आमच्या मुलांना रस्त्यावर सांभाळ, त्यांचे ब्रेक, त्यांचे गुडघे, त्यांची मनं सांभाळ. आमच्यातून गेलेल्यांना तुझ्या प्रकाशात विसावा दे. आमेन.